मदत हवी आहे: मुलींचा इंजिनीअरिंग प्रवेश, चोपडा-यावल (जि. जळगाव)

मंडळी, गळती अकरावीतच सुरू होते. मुलगी गणित सोडते आणि पीसीएमची (भौतिक, रसायन, गणित) सीईटी, म्हणजे इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा, हातची जाते. त्यामुळे दहावीच्या निकालाआधीच पालकांना गाठायचंय. केळीच्या कामात बापाला वेळ नसतो, म्हणून आईशी बोलायचं ठरलंय.

२०२४ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल) मुलींना ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यात सवलत नाही.

खरा घोळ जात पडताळणीचा. आजोबांच्या दाखल्यावर जातीची नोंद एक, बापाच्या दाखल्यावर दुसरी; प्रकरण महिनोन्‌महिने पडून राहतं. अशा वेळी कोणता जुना महसुली पुरावा चालला? जळगावात मुलींसाठी भरवशाचं वसतिगृह कोणतं? कृपया अनुभवातूनच सांगा.