मदत हवी आहे : ऑपेरातील सोप्रानो गायनाचे शिक्षण

नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. माझी सतरा वर्षांची पुतणी नऊ वर्षांपासून शास्त्रीय गायन शिकते आहे. मात्र ऑपेरा, म्हणजे पाश्चात्य संगीतनाटक, गाणारी विख्यात गायिका मारिया कॅलास हिची ध्वनिमुद्रणे ऐकल्यापासून तिला ऑपेरातील सोप्रानो, म्हणजे स्त्रीआवाजाच्या सर्वांत उंच पट्टीतील गायिका, व्हायचे आहे. रोज रियाझ संपला की ती पेटीवर अतितार सप्तकातील एकेक पट्टी दाबून आवाज कुठवर पोहोचतो ते चाचपते. घरच्यांना धाकधूक अशी की ध्वनिक्षेपकाशिवाय वाद्यवृंदावर मात करणारा आवाज कमवताना चुकीच्या जोराने तिचा गळा बसेल. कॅलासने ऑपेराच्या रंगमंचावर शेवटचे गायन 1965 मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी केले, हे वाचून तर वहिनी अधिकच धास्तावल्या आहेत.

मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांनी लंडनच्या गिल्डहॉल या संगीत विद्यालयात शिकून या क्षेत्रात नाव कमावले, म्हणजे वाट आहे. पहिले मराठी नाटक 1843 मध्ये ज्या गावात झाले, तिथे याचा शिक्षक मिळू नये, याचे वैषम्य वाटते.

पुणे किंवा मुंबईत आठवड्यातून एकदा शिकवणारे जाणकार कोणी सुचवेल का? दोन्ही पद्धतींचा रियाझ एकाच वेळी चालू ठेवावा का? परदेशी प्रवेशपरीक्षेसाठी इटालियन भाषा व स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलिपी) यांची तयारी कधीपासून करावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.