मामांना आधी टीबी सांगितला, आता मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) म्हणतायत, कारखान्याच्या कामामुळं झालं असेल का?

विटेकर_८९:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय सांभाळून घ्या. माझे मामा ७१ वर्षांचे, पलूस साईडला असतात, साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला फिटर होते, १९७८ ला लागले ते रिटायर होईपर्यंत तिथंच. दिवाळीपासून दम लागायला लागला, उजव्या कुशीत दुखायचं, एक्सरेत छातीत पाणी दिसलं. पाणी काढून तपासलं, कॅन्सरच्या पेशी नाहीत म्हणाले आणि टीबीच्या गोळ्या चालू केल्या. गोळ्या चालू असतानाच पाणी परत भरलं मग मिरजेला नेलं, तिथं सीटी झाला, दुर्बिणीतून तुकडा काढला आणि रिपोर्टला एपिथेलिऑइड मेसोथेलिओमा आलं. डॉक्टरांनी लगेच विचारलं ॲस्बेस्टॉसचं काम केलंय का, मामा म्हणाले न्हाय वो साहेब, साखरंच्या कारखान्यात हुतो मी. विडी पण ओढली नाही माणसानं कधी. मग हे आलं कुठून? आणि दुसरं म्हणजे आमच्या पोल्ट्रीच्या शेडवर सगळा सिमेंटचा पत्रा आहे, त्यानं असं काही होतं का? मामी तर रात्रभर रडतायत, मामांचे कामाचे कपडे पण मामीच धुवायच्या.

जुना_बॉयलरवाला (कराड):
मामास्नी ॲस्बेस्टॉस म्हणून इचारू नका, काम इचारा. ऑफ सीझनला स्टीम पाईपवरचं पांढरं लॅगिंग (उष्णता राखायचं वेष्टण) कोण फोडत हुतं? मॅनहोलच्या झाकणाला पांढरी जाड दोरी कोण बसवत हुतं, व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग (वाफ गळू नये म्हणून भरायची दोरी) कोण कापत हुतं? हे सगळं ॲस्बेस्टॉसचंच असायचं तवा. हातोडीनं लॅगिंग पाडलं की डोक्यापासनं पायापतुर माणूस पांढरा, मग तिथंच पोत्यावर बसून भाकरी खायची. तोंडाला फार तर टॉवेल. हंगाम चालू असताना एवढा त्रास नव्हता, खरी धूळ उन्हाळ्यातल्या रिपेरीला. आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई काय हाय ते, आणि सायबाला तरी म्हाईत हुतं का कुणास ठाऊक.

फुफ्फुसवाला_डॉक:
वरच्या काकांनी अगदी नेमकं विचारलंय, आम्हाला ओपीडीत हीच माहिती मिळत नाही. पेशंट "कारखान्यात होतो" म्हणतो आणि आपण पुढं जातो.

तर असं आहे, ॲस्बेस्टॉस म्हणजे खनिजाचे फार बारीक तंतू, डोळ्याला दिसत नाहीत, श्वासातून खोल जातात आणि काही तंतू फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणापर्यंत पोचतात. शरीराला ते नीट विरघळवता येत नाहीत म्हणून तिथं वर्षानुवर्षं सूज राहते, पेशींच्या जनुकांत बिघाड साठत जातो आणि कॅन्सर दिसतो तो साधारण २० ते ५० वर्षांनी. म्हणजे १९७८ नंतरची धूळ आणि आत्ताचा रिपोर्ट, हिशोब जुळतो. हा आवरणाचा कॅन्सर आहे, फुफ्फुसाचा नाही, आणि सिगरेट विडीचा याच्याशी संबंध नाही. (ॲस्बेस्टॉस अधिक सिगरेट असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पट वाढतो, ती वेगळी गोष्ट.)

टीबी आधी का सांगितला म्हणून त्या डॉक्टरांवर चिडू नका. आपल्याकडं छातीत पाणी म्हटलं की टीबीच जास्त सापडतो, दोन्हीत पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दिसू शकतात, आणि मेसोथेलिओमात नुसत्या पाण्याच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी पुष्कळदा सापडतच नाहीत. आवरणाचा तुकडा काढून त्यावर खास स्टेन (पेशी ओळखायची रंगाची तपासणी) केल्याशिवाय खात्री होत नाही. पण पाणी परत परत भरत असेल आणि गोळ्यांनी फरक नसेल तर तुकडा काढायला उशीर करू नये, हे मात्र मी सगळ्यांनाच सांगतो.

एपिथेलिऑइड हा मेसोथेलिओमाच्या तिन्ही प्रकारांत त्यातल्या त्यात बरा. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन ही नेहमीची केमो, २०२० पासून निवोलुमॅब-इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडीपण आहे पण खर्च प्रचंड. पाणी परत भरू नये म्हणून आवरण चिकटवायची प्रोसिजर करतात, दमाला त्यानं खरा आराम पडतो. खोटी आशा देत नाही, पूर्ण बरं होणं फार क्वचित. एकदा टाटा मेमोरियलचं मत घ्या, जनआरोग्य योजनेत काय बसतं तेही विचारा.

मामींचं: होय, कपड्यांवरच्या धुळीनं घरच्या बायकांना झाल्याच्या केसेस आहेत. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातल्या ३३ केसेस वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी छापल्या, त्यात खाणीत कधीच न उतरलेली, नुसती आसपास राहिलेली माणसं होती. पण बहुतेकांना होत नाही. मामींना दम किंवा छातीत दुखणं नसेल तर उगाच सीटी करत बसू नका, काही झालं तर डॉक्टरला हा इतिहास सांगा, बास.

मिरची_भाकरी:
आमच्या अख्ख्या गल्लीवर सिमेंटचा पत्रा आहे, आजा त्याखालीच ९० वर्षं जगला. उगं लोकांना घाबरवू नका. पत्रा वाईट असता तर सरकारनं विकू दिला असता का?

तासगाव_पोल्ट्री:
सरकारचं म्हणाल तर आपल्याकडं ॲस्बेस्टॉसच्या खाणी बंद आहेत पण बाहेरून, जास्त करून रशियातून, माल येतोच आणि पत्रे होतातच. ६० च्या वर देशांत बंदी आहे. तुमच्या आजोबांचं बरोबर आहे, पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस असतो आणि तो सिमेंटात आवळलेला असतो, धड पत्र्याखाली बसलं म्हणून लगेच काही होत नाही. भानगड पत्रा कापताना, ड्रिल मारताना, फोडताना होते, आणि आपले लोक नेमकं तेच करतात. २०१९ च्या पुरानंतर किती जणांनी फुटके पत्रे गोठ्यात नाहीतर रस्त्याच्या खड्ड्यात भरले सांगा बघू! वरनं ट्रॅक्टर जातोय, रोज पीठ होतंय.

@विटेकर शेड आहे तशी राहू द्या. बदलायचीच वेळ आली तर पत्रा पाण्यानं भिजवा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवा, वरनं टाकू नका, कोरडा झाडू मारू नका, आणि माणसांना एन ९५ तरी द्या, रुमालानं काही अडत नाही. पोरांना त्या दिवशी लांब ठेवा. शेवाळ काढायला तारेचा ब्रश तर अजिबात नको.

कोर्टकचेरी_सांगली:
भरपाईचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. साखर कारखाना हंगामी धरला जातो, त्यामुळं ईएसआय (कामगार विमा योजना) बहुतेक लागू नसणार. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत ॲस्बेस्टॉसमुळं होणारा मेसोथेलिओमा होता, आता ते सगळं नव्या सामाजिक सुरक्षा संहितेकडं गेलंय. जुन्या कायद्यात मुदत दोन वर्षांची होती पण सबळ कारण असेल तर उशीर माफ करायची सोय होती, आणि हा रोगच इतक्या वर्षांनी दिसतो हे कारण मांडता येतं. कामगारांच्या केसेस करणारा वकील गाठा. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलंय की कामगाराचं आरोग्याचं रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवा. तो निकाल साखर कारखान्यावर तसाच लागू होईल असं नाही, पण वकिलाला युक्तिवादाला उपयोगी पडेल. आधी सर्व्हिस सर्टिफिकेट, जुन्या पगारपावत्या, खातं कुठलं होतं त्याचा कागद आणि बायोप्सीचा रिपोर्ट एका फाईलला लावा.

विटेकर_८९:
सगळ्यांचे आभार. काल मामांना लॅगिंगचं विचारलं तर म्हणाले, "त्ये व्हय? त्ये तर दर उन्हाळ्याला आमीच काढायचो की." डॉक्टरांना लिहून दिलंय आणि त्यांनी केसपेपरवर घेतलं. मामांच्या गँगमधले अजून एक जण खोकतायत म्हणे, त्यांना परवा तपासायला घेऊन जातोय. सर्टिफिकेटला कारखान्यात अर्ज केलाय, रेकॉर्ड जुनं आहे बघू म्हणाले.

जुना_बॉयलरवाला (कराड):
बघू म्हणत्यात म्हंजे दोन चकरा माराव्या लागतील. अर्जाची पोच शिक्का मारून घ्या आदी. आणि तवा कसलं काम असायचं ह्याची साक्ष लागली तर मला मेसेज टाका, मी येतो.