‘दुबार ओळी काढा’: टाकून द्या की बाहेर काढा?

प्रश्न: लिनक्ससारख्या प्रणालीत फाइलमधल्या सारख्या ओळी हाताळणाऱ्या ‘युनिक’ (uniq) या कमांडचे मराठी वर्णन ‘एकमेव ओळी दाखवते’ असे करावे, की ‘दुबार ओळी काढते’ असे?

— दोन्ही फसवी आहेत. पायातला काटा काढतो तो फेकायला, विहिरीतले पाणी काढतो ते वापरायला. ‘काढणे’ दोन्हीकडे चालते. इथे तेच नडते. फाइलमध्ये कमळ, कमळ, जाई अशा तीन ओळी आहेत असे धरा. नुसती ‘युनिक’ कमळ आणि जाई देते. ‘-डी’ (-d) हा पर्याय लावला तर फक्त कमळ, ‘-यू’ (-u) लावला तर फक्त जाई. ‘एकमेव’ खरे तर या शेवटच्या जाईलाच शोभते. म्हणून नुसत्या ‘युनिक’साठी ‘लागोपाठच्या सारख्या ओळींतली एकच ठेवते’, ‘-डी’साठी ‘दुबार तेवढ्या निवडते’, ‘-यू’साठी ‘एकदाच आलेल्या निवडते’.

— ‘लागोपाठच्या’ हा शब्द कृपया गाळू नका! कमळ, जाई, कमळ असा क्रम असेल तर ‘युनिक’ काहीच कमी करत नाही. आधी ओळी क्रमाने लावणारी ‘सॉर्ट’ (sort) कमांड लागते. आणि ‘सॉर्ट -यू’ म्हणजे ‘युनिक -यू’ नव्हे. पहिली कमळ आणि जाई दोन्ही देते, दुसरी कमळ पार उडवते. अक्षर एक, अर्थ वेगळा. मूळ क्रम टिकवायचा असेल तर मजकूर हाताळणारी ऑक (awk) ही भाषा वापरावी: प्रत्येक ओळ अ‍ॅरेची, म्हणजे मोजणीच्या यादीची, किल्ली करायची आणि तिची आधीची मोजणी शून्य असेल तरच छापायची. मात्र वेगळी असलेली प्रत्येक ओळ मेमरीत राहते.

— ‘दुबार’ऐवजी ‘द्विरुक्त’ का नको? नेमका वाटतो.

— तो व्याकरणाने घेतलाय: हळूहळू, घरोघर. ‘पुनरुक्ती’ लेखनातला दोष. नोंदींना ‘दुबार’च बरा, पाच वेळा आली तरी चालतो, आकडा हवा तर ‘युनिक -सी’ (-c) आहे.

— ‘सारख्या’वरही एक टीप हवी. दिसायला सारखी ओळ यंत्राला सारखी नसते. शेवटी रिकामी जागा असेल, किंवा विंडोजमधून आलेल्या फाइलचे कॅरेज रिटर्न (ओळीच्या शेवटचे न दिसणारे चिन्ह) काही ओळींना चिकटलेले असेल, तर दोन्ही ओळी उरतात. मराठीत आणखी एक गोम: ‘ऱ’ हा एका संकेतांकाने लिहिता येतो, आणि ‘र’खाली नुक्ता (टिंब) देऊनही. डोळ्यांना फरक दिसत नाही.

— शिवाय ‘त्याच फाइलमध्ये जतन करा’ असे मोघम लिहू नका. निकाल त्याच फाइलकडे वळवला तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) ती आधीच रिकामी करतो आणि ‘सॉर्ट’ला वाचायला काही उरत नाही. ‘सॉर्ट’चा ‘-ओ’ (-o) पर्याय त्यासाठीच आहे.