निकेल हायड्रॉक्साइडचा थर फोमवर टिकत नाही

प्रश्न (जळगाव, एम.एस्सी. रसायनशास्त्र)
सुपरकपॅसिटरसाठी (वीज झटपट साठवणारे व देणारे साधन) निकेल नायट्रेट व अमोनियाच्या द्रावणातून निकेल फोमवर (निकेलची स्पंजासारखी सच्छिद्र जाळी) निकेल हायड्रॉक्साइडचे नॅनोपापुद्रे वाढवत आहे. हिवाळ्यात थर नीट बसत होता. एप्रिल लागल्यापासून मात्र द्रावण तापवण्याआधीच गढूळ होते, हिरवट साका तळाशी बसतो आणि फोमवरचा थर धुतानाच सुटतो. जो टिकतो, त्याची क्षमताही पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या वाढतील तशी घसरत जाते. दोन्हींचे कारण एकच असेल का?

उत्तर (धुळे)
माझ्या मते कारणे वेगळी आहेत. साक्याचा संशय आधी अमोनियावर घ्यावा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बाटली दर वेळी उघडताना त्यातला बराच वायू उडून जातो, त्यामुळे लेबलवर २५ टक्के लिहिलेले असले तरी आत तेवढा अमोनिया उरलेला नसतो. तो पुरेसा असेल तर निकेल त्याच्याशी बांधले जाऊन द्रावण गर्द निळे व नितळ दिसते. तापवल्यावर हा बंध सावकाश सुटतो आणि हायड्रॉक्साइड फोमच्या पृष्ठभागावर धरते. अमोनिया कमी पडला की तेच हायड्रॉक्साइड द्रावणात एकदम तयार होते, आणि फोमवर दिसतो तो वाढलेला थर नसून वरून बसलेला गाळ असतो. बाटली थंड करून फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) उघडावी, द्रावण नितळ निळे झाल्याशिवाय फोम बुडवू नये. फोम आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने स्वच्छ करावा, आणि बोअरचे पाणी काचेच्या भांड्यांच्या शेवटच्या धुण्यालाही वापरू नये. त्यातले क्षार काचेवर राहतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे सर. द्रावण निळे होते, पण नितळ नव्हते. अमोनियाऐवजी युरिया चालेल का?

उत्तर (धुळे)
चालेल. साधारण ९० अंश सेल्सिअसला युरियाचे विघटन हळूहळू होते व सामू सगळीकडे सारखा वाढतो. मात्र त्यातून कार्बोनेटही निघते आणि ते थरांमध्ये शिरते, म्हणजे बहुधा अल्फा प्रकार मिळतो (निकेल हायड्रॉक्साइडच्या दोन स्फटिकरूपांपैकी एक; दुसरे बीटा).

उत्तर (अमळनेर)
घसरणीचे एक मोठे कारण तिथेच असू शकते. अल्फा प्रकारात थरांमध्ये पाणी व ऋणायन असल्याने अंतर साडेसात अँगस्ट्रॉमच्या आसपास असते, बीटामध्ये ते सुमारे ४.६ असते, तीव्र अल्कलीत अल्फाचे हळूहळू बीटा होते. फेऱ्यांआधी व नंतर एक्सआरडी (स्फटिकरचना दाखवणारी क्ष-किरण चाचणी) काढा: तांब्याच्या क्ष-किरणांनी अल्फाचे पहिले शिखर ११ ते १२ अंशांजवळ दिसते, बीटाचे १९ अंशांजवळ. थोडे अॅल्युमिनियम मिसळल्यास अल्फा बराच स्थिर राहतो. आणखी एक, न विचारलेले: हा पदार्थ बॅटरीसारखा वागतो, म्हणून क्षमता फॅरडऐवजी (कपॅसिटरचे एकक) मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅममध्ये लिहावी. बीटाची, दर निकेल अणूमागे एका इलेक्ट्रॉनची, सैद्धांतिक मर्यादा २८९ आहे. त्याहून फार मोठा आकडा आला, तर आधी थराचे वजन पुन्हा करावे आणि नुसत्या फोमचीही चाचणी घ्यावी, कारण अल्कलीत फोमवर आपोआप हायड्रॉक्साइड तयार होते व त्याची क्षमताही मोजली जाते.