परगावात आपल्या टीमचा माणूस दिसला, तर हाक मारायची की नाही?

घाटउतार (रत्नागिरी)

नोकरीमुळं आठ वर्षं रत्नागिरीत आहे. मूळचा कोल्हापूरचा, फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीचा. तसं कोल्हापूर काय लांब नाही. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर. सकाळी चहा पिऊन निघालं की जेवायच्या आत घरी. पण घाट उतरला की माणूस परका होतोय, हे खरं. इथं मी 'घाटावरचा'.

परवा मारुती मंदिरपाशी टपरीवर थांबलो. समोर एमएच ०९ची, म्हणजे कोल्हापूरची बुलेट, मागच्या मडगार्डवर 'शिवाजी तरुण मंडळ', आमची विरोधी टीम. गाडीवाला चहा पीत उभा. मी गेलो, म्हटलं, "काय मर्दा, पेठेतला का?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, "हूं" केलं, ग्लासातला अर्धा चहा ओतून टाकला आणि गाडी काढून गेला. बोलला नाही त्याचं एवढं नाही. पण चहा टाकला!

गंमत अशी, की हाच माणूस कोल्हापुरात दिसला असता तर मीच तोंड फिरवलं असतं. पाटाकडील आणि शिवाजी म्हणजे काय, हे ज्यानं शाहू स्टेडियमवर बघितलंय त्याला सांगायला नको. इकडच्यांसाठी सांगतो. कोल्हापूर म्हटलं की सगळ्यांना कुस्ती आणि खासबाग आठवतंय. पण ज्या तालमींत पोरं लाल मातीत लोळायची, त्यातल्याच बऱ्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणून संघांची नावं आजही पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्याकडचाच. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की पेठापेठांतलं बोलणं कमी होतंय, आणि एका घरात दोन तालमी असल्या तर जेवताना तो विषय कुणी काढत नाही.

माझं म्हणणं इतकंच, की परगावात हे सगळं खुंटीला टांगायचं. हाक मारायची, आणि समोरच्यानं ओ द्यायची. न देणं म्हणजे माज. बोला.

शिवाजीपेठ_मुक्काम_चिपळूण

तो गाडीवाला मी नाही, आधीच सांगतो. पण मी असतो तरी चहा टाकला असता.

भावा, ईर्षा खुंटीला टांगली तर मग हातात राहिलं काय? 'आपण सगळे कोल्हापूरचे' हे अंबाबाईच्या रांगेत ठीक आहे, नाहीतर पुरात. २०२१ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा मी इथंच होतो. खालचा मजला सगळा गेलेला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कोल्हापूरहून मदतीचा टेम्पो आला. पाण्याचे बॉक्स उतरवणाऱ्या पोराच्या अंगात पाटाकडीलचा टीशर्ट होता. त्यानं माझी पेठ विचारली नाही, मी सांगितली नाही. चार तास दोघांनी मिळून चिखल उपसला. ते वेगळं.

पण टपरीवर, ऐन हंगामात, तू दात काढत येऊन 'पेठेतला का' विचारतोस, तर समोरच्याला काय वाटणार? गेल्या मॅचचं काढायला आला असंच. मला तर तुझी पोस्ट वाचूनही तसंच वाटतंय.

घाटउतार

गेल्या मॅचचं मी काढलंच नव्हतं. आता तूच काढलंस म्हणून सांगू का?

शिवाजीपेठ_मुक्काम_चिपळूण

बघा. हेच म्हणत होतो.

बोनस_लाईन (तालुका रत्नागिरी)

मी इथलाच. तुमच्या तालमींचं माझ्या डोक्यावरून गेलं, पण एक विचारतो, रागावू नका. आठ वर्षं रत्नागिरीत राहून तुम्ही अजून गाड्यांच्या मडगार्डवर कोल्हापूर शोधताय. शिमगा उरकला की आमच्याकडे गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. मे महिन्यात टेनिस बॉलचं क्रिकेट. शेतात लाइटा लावून रात्र-रात्र चालतं. तुम्ही किती सामने बघितलेत? आम्ही 'घाटावरचा' म्हणतो याचं तुम्हाला वाईट वाटतं, पण तुमची मान सतत घाटाकडेच वळलेली असते त्याचं काय?

ओळख काढायला 'आपलाच' माणूस लागतो, हे मला पटत नाही. टपरीवाल्याचं नाव ठाऊक आहे का तुम्हाला?

घाटउतार

टपरीवाल्याचं ठाऊक आहे. सामना एक बघितलाय. तोही खरं सांगायचं तर रस्ता अडला होता म्हणून.

देवगडची_सून

माहेर कोल्हापूर, सासर देवगड. तुम्ही पुरुष मंडळी 'काय मर्दा' म्हणून मोकळे होता. मला असं कोण विचारणार? नऊ वर्षांची होते तेव्हापासून बाबांबरोबर शाहू स्टेडियमला जात होते, भडंगाची पुडी मांडीवर घेऊन. पण माझ्याकडे ना जर्सी, ना बुलेट. म्हणजे तुमच्या हिशेबानं मी फॅनच नाही! आणि उद्या रस्त्यात कुणी अनोळखी माणूस गाडीचा नंबर वाचून माझ्याकडे आला, तर मीसुद्धा चहा टाकून निघेन. तेवढा हक्क त्या गाडीवाल्यालाही होता. एमएच ०९ची गाडी तर सेकंडहँड घेतलेलीही असते.

मी एकदाच एकाला ओळखलं, ते सांगते. १८ डिसेंबर २०२२, अर्जेंटिना-फ्रान्स फायनल. आमच्याकडे टीव्ही मोठा, म्हणून अख्खी वाडी पडवीत. कोल्हापूरहून खताची गाडी घेऊन आलेला एक ड्रायव्हर रात्री मुक्कामाला होता, तो खिडकीपाशी उभा राहून बघत होता. जादा वेळेत मेस्सीनं तो दुसरा गोल मारला ना, तेव्हा फ्रान्सच्या बॅकनं चेंडू बाहेर काढला, पण रेषेच्या आतून. वाडीतली पोरं लगेच ओरडायला लागली. हा माणूस गप्प. तो लाईनमन शोधत होता. गोल दिला हे दिसलं आणि मग असा ओरडला की भाकरी तव्यावर राहिली आणि मी बाहेर आले. विचारलं, "कुठल्या तालमीचे?"

"दिलबहार," म्हणाला. मग आमच्या सासूबाई मला विचारायला लागल्या, की तुला कसं कळलं तो कोल्हापूरचा. नुसता कोल्हापूरचा असता तर कळलं नसतं.

चाकरमानी_काळाचौकी

बोनस लाईन, जरा दमानं घ्या. तुमचीच माणसं मुंबईत काय वेगळं करतात? मी लांज्याकडचा. इथं थंडीत रविवारी कुठल्याही मैदानावर जा, गावमंडळांच्या टुर्नामेंट चालू असतात. टीमचं नाव गावदेवीचं, खाली गाव, खाली 'ता. लांजा' नाहीतर 'ता. राजापूर'. एकदा लोकलमध्ये पुढच्याच्या पाठीवर 'ता. लांजा' वाचलं आणि बोलता बोलता तीन स्टेशनं पुढं जाऊन उतरलो. कामाला उशीर झाला तो झालाच. तेव्हा घाटउतार यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. परक्या गावात माणूस पाठी वाचत फिरतोच.

बाकी ताईंचं एकदम बरोबर. कबड्डीतही तसंच आहे. रेडरनं बोनसला पाय टाकला की हॉटेलातल्या टीव्हीपुढं सगळे टाळ्या पिटतात. पण समोर निदान सहा गडी असतील तरच तो बोनस. टाळी वाजवण्याआधी जो गडी मोजतो, तो गावाकडचा. त्याच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसायला काही हरकत नाही.

बोनस_लाईन

गडी मोजायचं मान्य. यू मुम्बाची जर्सी घातलेला आम्ही लगेच आपला मानत नाही. प्रो कबड्डी २०१४ला आली, आमचे आजोबा त्याआधी मातीत ढोपरं फोडत होते.

पण चाकरमान्यांचं नाव काढलंत तर एक ऐकून घ्या. आमचा आपसातला विषय आहे, बाकीच्यांनी कान बंद केले तरी चालेल. वर्षभर पीच कोण करतं? आम्ही. शेणानं सारवणं, रोलर ओढणं, जाळी लावणं, सगळं गावातली पोरं करणार. आणि १० मेला मुंबईची गाडी आली की टीमचा ओपनर कोण? मुंबईचा! का, तर टीशर्ट त्यानं छापून आणलेत. मुंबईत 'ता. लांजा' वाचून गळ्यात पडता, आणि गावात आल्यावर त्याच गावच्या पोराला बारावा ठेवता.

चाकरमानी_काळाचौकी

टीशर्टचे पैसे कोण देतं तेही लिहा की.

बोनस_लाईन

लिहिलं असतं. पण गेल्या वर्षी एक्सएल सोडून दुसरा साईजच आला नव्हता.

गजालवाला (मालवण)

हय फुटबॉल म्हटला की पोरां गोव्याकडे बघतत. तुमी जर्सी बघतास, नंबर बघतास. आमी बाजारात वळखतव. बांगड्याचे कल्ले उघडून न बघता जो "ताजो आसा मां?" इचारता, तो खंयचो तां सांगूक नको. त्येका हाक मारूची गरज नाय, तो आपणच फसान परत येता.

तुमी हाक मारून कधी फसलास काय, घाटउतारानू?

घाटउतार

फसलोय. सांगतो.

गेल्या मार्चमधली गोष्ट. मिरकरवाड्याला संध्याकाळी मासे घ्यायला गेलो होतो. (कल्ले बघतो मी, गजालवाले. शिकलोय.) एक बोट लागली होती, खलाशी टोपल्या वर देत होते. त्यातल्या एकाच्या पाठीवर 'पी. टी. एम.', खाली १० नंबर. आमच्या तालमीची जर्सी, रत्नागिरीच्या बंदरात! रंग उडालेला, खांद्यावर शिवण उसवलेली, पण अक्षरं स्पष्ट. मी धक्क्यावरूनच ओरडलो, "काय भावा, पाटाकडील!" त्यानं टोपली खाली ठेवली. "जी दादा?" पोरगा नेपाळचा. वय वीस-बावीस. जर्सी कुणीतरी जुन्या कपड्यांत दिलेली. पाटाकडील हा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

मी आपला ओशाळून परत फिरायला लागलो, तर तोच म्हणाला, "दादा, दस नंबर. मेस्सी." आणि छातीवर हात ठेवला. मी ज्या तीन अक्षरांसाठी ओरडलो ती त्याच्या लेखी नक्षी होती. त्याचा शर्ट तो खालचा नंबर. मग सांगत होता, गावाकडे शाळेच्या टीममध्ये खेळायचा, लेफ्टला. फायनल त्यांनी धक्क्यावरच एका मोबाइलवर आठ जणांनी बघितली होती. तेवढ्यात बोटीच्या तांडेलानं हाक मारली, गेला.

देवगडची_सून

हे मस्त आहे. तुमच्या वरच्या सगळ्या पोस्टपेक्षा हे आवडलं.

बोनस_लाईन

मला नाही आवडलं. म्हणजे गोष्ट चांगली आहे, पण पुढचं सांगा. पोरगा कोल्हापूरचा निघाला असता तर तुम्ही त्याच रविवारी त्याला घरी जेवायला नेलं असतं. तो फुटबॉल खेळणारा निघाला, मेस्सीचा निघाला, तुमच्यासारखाच घरापासून लांब राहणारा निघाला. तुमच्यापेक्षा दसपट लांब. परत भेटलात का त्याला? नाव काय त्याचं?

घाटउतार

नाही भेटलो. नाव विचारायचं राहिलं.

शिवाजीपेठ_मुक्काम_चिपळूण

यावर पाटाकडीलवाल्याला बोलायची आयती संधी आहे, पण सोडून देतो. मीही पाच वर्षं चिपळुणात आहे आणि वरच्या मजल्यावरचा माणूस कुठला आहे मला माहीत नाही.

तरी बोनस लाईन, हाक मारणं आणि मैत्री करणं यात तुम्ही घोळ घालताय. तालमीचं नाव दिसलं की हाक आतनं जाते. शिंक आल्यासारखी. ती आधी ठरवून सगळ्या जगाला समान वाटता येत नाही.

बोनस_लाईन

हाकेबद्दल मी बोलतच नाही. हाक मारून झाल्यावर जो माणूस समोर निघतो, त्याच्याबद्दल बोलतोय.

चाकरमानी_काळाचौकी

१ जूनला मासेमारी बंद झाली की खलाशी गावी जातात, ३१ जुलैपर्यंत येत नाहीत. भेटायचं तर त्याआधी बंदरावर जा. २०२६चा वर्ल्ड कपही ११ जून ते १९ जुलै, म्हणजे नेमका बंदीत. धक्क्यावर बसून एका मोबाइलवर बघायची ती मजा यंदा नाही.

घाटउतार

जातो. बोट ओळखीची आहे, नाव लक्षात आहे बोटीचं.

बरं, वेगळा विषय. शनिवारी पहाटे पाचला कोल्हापूरला निघतोय, रविवारी दुपारी मॅच आहे, रात्री परत. गाडीत तीन जागा रिकाम्या. चिपळूणवाल्या भावा, येतोस? डिझेल माझं.

शिवाजीपेठ_मुक्काम_चिपळूण

मला कुंभार्ली घाट चढून कराडवरनं जवळ पडतं. आणि जवळ पडलं नसतं तरी परतीच्या प्रवासात तुझ्याबरोबर चार तास कोंडून घेणार नाही, निकाल काही लागो. गेटवर भेट. चहा पाजतो, टाकू नकोस.

देवगडची_सून

कुणीतरी भडंग आणा. इथं मिळतं ते नुसते तिखट चुरमुरे.

बोनस_लाईन

एक जागा मला. मॅच बघतो तुमची, लाईनमन कुठं उभा राहतो तेही दाखवा. पण रविवारी येताना पालीच्या अलीकडे गाडी थांबवायची. आमच्या गावात कबड्डीची फायनल आहे, तुम्हाला उतरावं लागेल.

घाटउतार

चालतंय की. किती वाजता आहे?

बोनस_लाईन

पत्रिकेवर रात्री नऊ छापलंय. पाहुण्यांचे सत्कार, नारळ, भाषणं धरून एक वाजता लागेल. सोमवारची रजा टाका.

घाटउतार

सोमवारी ऑडिट आहे रे.