जत्रेतला तंबू, देव आणि पिक्चर: तुमच्या आठवणी लिहा

रानवारा
काल सोसायटीची लाइट गेली, दोन तास जनरेटर. मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते, खालून डिझेलचा वास आला आणि त्याच वेळी कुणाकडे तरी भजी तळत होते. हातातला टॉवेल हातातच राहिला. एकदम पुसेगावची जत्रा!

मार्गशीर्षातली सेवागिरी महाराजांची जत्रा. थंडी अशी की दात वाजायचे. रथाला नोटांच्या माळा. आजी माझ्या हातात एक नोट द्यायची आणि काकाच्या खांद्यावर बसून मी ती रथाला लावायची. मग बैलबाजार, म्हणजे आजोबांचा स्वर्ग आणि माझा कंटाळा. अंधार पडला की तंबू, म्हणजे जत्रेतला फिरता सिनेमा.

साल १९८४ किंवा ८५. पिक्चर 'जय संतोषी माँ'. तो आला १९७५ ला, पण आमच्या तंबूत दर वर्षी नवाच असायचा. आजीनं तंबूच्या तोंडाशी चपला काढल्या. म्हटलं आजी, खाली खडे आहेत. तर म्हणाली, "देवीम्होरं चपला घालून बसायचं व्हय गं?" आजूबाजूला बघितलं तर निम्म्या बायका अनवाणी. उषा मंगेशकरांच्या आवाजात आरती सुरू झाली की सगळ्या उठून उभ्या, हात जोडलेले, पडद्याकडे चिल्लर उडतेय. मागचे पुरुष ओरडतायत, "ओ मावशी, बसा की खाली!" बसेल तर ती आजी कसली.

बाहेर आलो तर चपला गायब. आजी शांतपणे म्हणाली, "गेली पीडा." आणि त्या थंडीत स्टँडपर्यंत अनवाणी चालली.

पुढच्या वर्षी मात्र अंगठा तुटलेल्या चपला घालून आली, चांगल्या पिशवीत. पीडा गेली पाहिजे पण चपला नकोत!

तुमच्या जत्रेत काय होतं? देव, पिक्चर, पाळणे, काम, काहीही लिहा. फार विचार करून लिहू नका.

आंबटगोड
अंगठा तुटलेल्या चपला 😂😂 आमच्या आईची सेम आयडिया, पण लग्नाच्या हॉलसाठी.

निशाचर
आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. पुढे तिकीट, मागे फुकट. कनात थोडी वर करून सरपटत आत. पाट्या उलट्या दिसायच्या, पण वाचता कुणाला येत होतं?

अमिताभ डावरा आहे हे मला कॉलेजात कळलं. थिएटरमध्ये पहिल्यांदा पुढून बघितला, तर हा डाव्या हाताने ठोसे मारतोय. मित्राला म्हटलं, प्रिंट उलटी लावलीय बहुतेक. तो अजून प्रत्येक लग्नात हे सांगतो.

कोहम्
@निशाचर मेलो 😂

शेवग्याची_शेंग
संतोषी मातेच्या शुक्रवारच्या उपासाचं कुणी काढलं नाही अजून? आईचे सोळा शुक्रवार. गूळ-फुटाणे आणि आंबट बंद. फक्त तिला नाही, अख्ख्या घराला! ताक नाही, कैरी नाही, आमटीत आमसूल नाही. बाबा शुक्रवारी मुद्दाम बाहेर जेवायचे असा माझा संशय आहे.

उद्यापनाला मुलगे जेवायला लागतात. आमच्या चाळीत मी वयाने आणि भुकेने एकदम योग्य, त्यामुळे एकाच शुक्रवारी तीन-तीन घरी खीर-पुरी. पण पैसे द्यायचे नाहीत, कारण कहाणीत पोरं त्याच पैशांनी आंबट घेऊन खातात आणि देवी कोपते. घरातून निघताना आई दटावायची, "वाटेत काही आंबट खाल्लंस तर त्या काकूंचे सोळा शुक्रवार पाण्यात जातील." सात वर्षांच्या पोरावर केवढी जबाबदारी! एकदा दुपारी शाळेबाहेर चिंचेची गोळी खाल्ली होती आणि संध्याकाळी गपचूप जेवून आलो. पुढच्या महिन्यात त्या काकूंचे मिस्टर घसरून पडले. आज मी ४९ वर्षांचा आहे, अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

आंबटगोड
@शेवग्याची_शेंग माझ्या आयडीकडे बघून लिहिताय ना हे 😄 ते मिस्टर कशावरून घसरले पण?

शेवग्याची_शेंग
नळाजवळच्या शेवाळावरून. तरीपण.

भिंगरी७
दादा कोंडक्यांचा पिक्चर, तंबू, मी आठ वर्षांची, वडिलांच्या मांडीवर. सगळे हसतात म्हणून मीही हसले आणि मग मोठ्याने विचारलं, "बाबा, म्हणजे काय?" तंबूतले आणखी हसले. बाबांनी मला शेंगदाणे आणायला बाहेर पाठवलं. त्या रात्री मी चार वेळा शेंगदाणे आणले. बाकी नंतर लिहिते, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

मशीनवाल्याचा
रानवाराताई, डिझेलचा वास वाचून थांबलोच. माझे वडील तंबूत ऑपरेटर होते. दिवाळीनंतर ट्रक निघायचा, या जत्रेतून त्या जत्रेत, तो थेट पावसाच्या तोंडावर घरी. पावसाळ्यात ते गावात रेडिओ दुरुस्त करायचे. आमच्यासाठी वडील म्हणजे जून ते ऑक्टोबर.

सुट्टीत आई मला त्यांच्याकडे पाठवायची. लोकांना वाटतं ऑपरेटरची मजा, फुकट पिक्चर. अहो, ते पिक्चर कुठे बघतात? त्यांचं लक्ष कार्बनवर. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या असतात, त्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटवायची, तोच प्रकाश. कांड्या जळत जाऊन आखूड होतात, अंतर वाढलं की पडदा पिवळा पडतो, मग लोकांच्या शिट्ट्या. म्हणून सारखी खुंटी फिरवत अंतर राखायचं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. अडीच तासांचा पिक्चर म्हणजे साडेतेरा हजार फूट. रात्री तीन शो. हिशोब करा.

फिल्म तुटली तर कडा खरवडून, सोल्युशन लावून, दाबून जोड द्यायचा. तेवढ्यात निघालेले दोन-चार तुकडे माझे. हे वैभव घेऊन शाळेत गेलो की मी राजा. एका हिरॉइनच्या तुकड्याला तीन भोवरे मिळाले होते.

पहिल्या शोच्या आधी मशीनला नारळ, हळदकुंकू, उदबत्ती. आम्ही पालच्या खंडोबाच्या जत्रेला असायचो तेव्हा वडील म्हणायचे, "खंडोबा बाहेर, ह्यो आपला आतला." वीसेक वर्षं ते जत्रा-जत्रा फिरले आणि एकाही देवाचं दर्शन रांगेत उभं राहून घेतलं नाही, कारण दिवसा झोप आणि रात्री काम. पालखी तंबूवरून जायची तेव्हा मालक भोंगा बंद करायला लावायचे, आवाज बंद. पण मशीन थांबवता येत नाही, फिल्म त्या उजेडापुढे थांबली की जळते. मग आत मुका पिक्चर चालू, बाहेर हलगी, येळकोट येळकोट, आणि वडिलांचा एक हात खुंटीवर, दुसरा कपाळाला.

आता ७८ वर्षांचे आहेत. टीव्हीवर जुना पिक्चर लागला की अधूनमधून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका येतो, बघितलाय का? रीळ संपत आलं, दुसरं मशीन सुरू कर, ही ती खूण. ठिपका आला की अजून त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठतो.

रानवारा
@मशीनवाल्याचा काय लिहिलंय. कपडे तसेच पडलेत माझे. बाबांना नमस्कार सांगा, आणि विचारा, आरतीला फेकलेली चिल्लर कुणाची व्हायची? मला लहानपणापासून हा प्रश्न आहे.

टिपूर
तो ठिपका!!! मला टीव्ही बिघडलाय वाटायचं.

मशीनवाल्याचा
ताई, विचारलं. म्हणाले, सकाळी तंबूतली पोरं पडद्याखालची माती चाळायची. मालकाला माहीत होतं पण तो काही बोलायचा नाही, देवीचे पैसे म्हणून. मी विचारलं तुम्ही घेतले का कधी? तर टीव्हीचा आवाज वाढवला.

वऱ्हाडी_ठेचा
आमचा बहिरम. चांदूर बाजार तालुका, महिनाभराची जत्रा, डिसेंबर-जानेवारीतली. पिक्चर होतेच, पण खरं सांगू काय, आम्ही रोडग्यासाठी जात होतो. रोडगे आन् हंडीतलं मटन. बाबा म्हणत, देवाचं दर्शन घ्या न् मंग जेवा. दर्शनाच्या रांगेत नाकात हंडीचा वास. डोळे मिटले का देव दिसाच्या जागी हंडीच दिसे. माफ कर रे बाबा बहिरमा.

सुगरण_नाही
@वऱ्हाडी_ठेचा रोडगे म्हणजे बट्ट्याच ना?

वऱ्हाडी_ठेचा
@सुगरण_नाही अजिबात नाही बाप्पा! बट्टी उकडून तळतात. रोडगा गोवऱ्यांच्या इंगळात भाजतात. कणीक जाडसर लागते, आतमंधी तेल लावून पदर करतात, राखेतून काढला का फडक्यानं झटकाचा, फोडाचा अन् वरून तूप. संगं वरण न् वांग्याची भाजी.

सुगरण_नाही
गोवऱ्या पुण्यात कुठे मिळतील? हसू नका, खरंच विचारतेय.

कोहम्
ऑनलाइन मिळतात. पाकिटात. आमच्या शेजाऱ्यांनी होमासाठी मागवल्या होत्या, वर 'नैसर्गिक' असंही छापलं होतं.

माडाखाली
आमच्याकडे तंबू नव्हतोच. जत्रा म्हणजे दशावतार. देवळाच्या पुढ्यात, रात्री उशिरा सुरू, पहाटेपर्यंत. संकासुर येयलो की मी आयेच्या पदरात. काळो बुरखो आणि ती लाल जीभ! दुसऱ्या दिवशी सकाळी तोच संकासुर विहिरीवर दात घासत होतो आणि माका म्हणालो, "काय रे बाबू, चाय घेतलंस?" मी परत पळालंय.

मंडळींचं कामही तसंच कठीण. रात्री मुकुट, सकाळी आपली ट्रंक आपणच उचलायची. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' असं आमच्याकडे म्हणतत ते उगाच नाय.

निशाचर
@माडाखाली दात घासणारा संकासुर 😂 वॉलपेपर पाहिजे.

खाकी_चाफा
ड्युटीवर आहे, थोडक्यात लिहिते. पोलिसात आहे, जत्रांचे बंदोबस्त अकरा वर्षं. @मशीनवाल्याचा, तुमच्या वडिलांचं वाचलं आणि वाटलं, हे तर आमचंच. बंदोबस्ताला तोंड गर्दीकडे लागतं, पाठ देवाकडे. गाभाऱ्यापासून दहा फुटांवर बारा तास उभी राहिले आहे आणि मूर्तीचा मुखवटा कोणता होता ते घरी आल्यावर सासूबाईंच्या मोबाइलवर बघितलंय.

पण माणसांचे चेहरे दिसतात ना. रांगेत चार तास भांडत आलेला माणूस समोर पोचला की चेहरा बदलतो, तो मला रोज शेकड्याने दिसतो. मागच्या वर्षी एक आजी दर्शन घेऊन वळल्या आणि मलाच नमस्कार केला. म्हटलं आजी, देव तिकडं. म्हणाल्या, "तिकडं झाला. तू सकाळधरनं हुबी हाईस."

हरवलेल्या पोरांचं वेगळं लिहीन. एकाला माइकवर नाव विचारलं तर म्हणाला, "दाद्या." आडनाव? "दाद्याच." पाच दाद्यांचे बाप आले.

रानवारा
@खाकी_चाफा पाच बाप 🙈 जेवलात का पण?

खाकी_चाफा
पोहे. थंड.

भिंगरी७
आले परत. वरण करपलं. तर शेंगदाण्यांचं पुढे: चौथ्या वेळी शेंगदाणेवाला म्हणाला, "बाळ, वडलांना सांग, पुढच्या जत्रेला पौराणिक बघायचा." बाबांनी ऐकलं. पुढच्या वर्षी पौराणिक, त्यात राक्षस, मी रात्रभर रडले. आई म्हणाली, त्यापेक्षा कोंडके बरे होते.

टिपूर
थोडं विषयांतर. आमच्या गावात तंबू बंद झाला तेव्हा टीव्ही आला होता. १९८७, रविवारी सकाळी रामायण. एकच टीव्ही, तोही ग्रामपंचायतीत. त्याला हार, कुंकू आणि पुढ्यात निरंजन. माझी पणजी डोक्यावर पदर घेऊन बसायची. कारण? राम समोरून बघतोय ना! जाहिराती लागल्या की पदर खाली, राम आला की वर.

आंबटगोड
पणजीबाईंचा पदर म्हणजे जाहिरातींचा ठिपकाच की.

टिपूर
@आंबटगोड हे भारी होतं.

मशीनवाल्याचा
वडिलांना पणजींचं वाचून दाखवलं. हसले. आणि आपणहून म्हणाले, चिल्लर एकदाच घेतली होती, चार आणे, चहासाठी. मग दुसऱ्या दिवशी मशीनपुढे आठ आणे ठेवले.

शेवग्याची_शेंग
@मशीनवाल्याचा त्यांना विचारा ना, चिंचेच्या गोळीचं काही करता येईल का.

सुगरण_नाही
गोवऱ्या मागवल्या. १२ च्या पाकिटात येतात. आता बाल्कनीत पेटवल्या तर खालचे लोक वर येतील का, कुणाला अनुभव आहे?