स्टॅबिलायझर असला तरी एमओव्ही हवाच

वर कुणीतरी लिहिलंय की स्टॅबिलायझर लावला की जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पाइकची, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक उसळीची, भीती नाही. हे अजिबात पटत नाही. रिलेवाल्या स्टॅबिलायझरला टॅप बदलायला, म्हणजे रिलेच्या स्विचने ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदलायला, काही मिलिसेकंद लागतात, आणि स्पाइक मायक्रोसेकंदांत येऊन जातो. रिले हलायच्या आत व्हायचं ते नुकसान झालेलं असतं.

त्यासाठी एमओव्हीच (मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, व्होल्टेज फार चढलं की झटका स्वतःत जिरवणारा छोटा भाग) लागतो. 230 व्होल्टच्या लाइनला 275 व्होल्ट एसी रेटिंगचा, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, पण फ्यूजनंतर. तो शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो. फ्यूजच्या आधी जोडला तर तोच पेट घेऊ शकतो. शिवाय प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक तो थोडा झिजतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून मी तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात न बसवता वेगळ्या फ्यूजवाल्या बोर्डात ठेवतो. बदलायला सोपं, आणि मूळ वायरिंगला हात लागत नाही, जे मला फार महत्त्वाचं वाटतं.

स्टॅबिलायझर मात्र काढू नका, त्याचं काम निराळं आहे: बराच वेळ चढलेलं किंवा उतरलेलं व्होल्टेज सावरायचं. 220 व्होल्टसाठी बांधलेल्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरला 240 मिळाले तर ट्यूबचा 6.3 व्होल्टचा हीटर 6.9 च्या आसपास जातो, एचटीही (ट्यूबला लागणारं उच्च डीसी व्होल्टेज) त्याच प्रमाणात चढते. ट्यूब आणि म्हातारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अशानेच हळूहळू मरतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर (किती व्होल्टवर चालवायचं ते ठरवणारा स्विच) असेल तर आधी तो बघा.

विजा कडाडत असतील तेव्हा एमओव्हीवरही विसंबू नका. सरळ प्लग काढा, ट्यूनर जोडलेला असेल तर बाहेरच्या अँटेनाची वायरसुद्धा.